मामाची ती जीप

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे घराचं रंगकाम, मग बायकोचा गुडघा, मग माझा आळस. तिन्हींत शेवटचा सगळ्यात भारी. असो.

गेल्या रविवारी सकाळी सहाला लेकाचा फोन आला. तो ऑकलंडला असतो, तिथे तेव्हा दुपारचे साडेबारा. एरवी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलास का, पाऊस आहे का, आईला देतो. दोन मिनिटांत मी फोन हिच्या हातात देऊन मोकळा. या वेळी तो म्हणाला, "बाबा, थांब, आईला देऊ नकोस. एक आवाज पाठवलाय, तो ऐक आधी."

व्हॉट्सॲपवर नऊ सेकंदांची फीत होती. आधी 'टक', मग लोखंडावर लोखंड घासल्यासारखं 'खर्रर्र', मग मोटर नुसतीच फिरल्याची 'घूंऽऽ', आणि मागून कुणीतरी इंग्रजीत शिवी दिली. तीन वेळा ऐकलं. खरं तर एकदाच पुरेसं होतं. हा आवाज मी १९९४ साली उल्हासनगरच्या कॅम्प पाचला ऐकला होता, आणि त्यानंतर विसरायचा बराच प्रयत्न केला होता.

लेक तिथे नोकरी करतो ती वेगळी. पण शनिवार-रविवार त्याचा एक टोळका असतो, त्यांच्याकडे एक जुनी माझदा आरएक्स-७ आहे. ती रस्त्यावर चालवायची गाडी नाही, हॅम्प्टन डाउन्सच्या ट्रॅकवर क्लबच्या शर्यतीत पळवायची. आत रोटरी इंजिन. आपल्याकडे हे इंजिन गाडीत बघायला मिळत नाही, म्हणून थोडं सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद सोडून थेट मामाकडे जावं, मी रागावणार नाही :)

या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा आकार असलेलं एक घर, आणि त्यात फुगीर बाजूंचा तिकोनी रोटर गरगरतो. मधला शाफ्ट तीन वेळा फिरतो तेव्हा रोटर एकदा. फेलिक्स वँकेल नावाच्या जर्मन माणसाची ही कल्पना, पण ती चिकाटीने जगवली हिरोशिमाच्या माझदा कंपनीने. १९९१ साली ल मांसची चोवीस तासांची शर्यत माझदाच्या ७८७बी या गाडीने चार रोटरच्या इंजिनावर जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी गाडी. आणि मौज म्हणजे तिचा गिअरबॉक्स मूळ पोर्शच्या बनावटीचा. म्हणजे जिंकणाऱ्यांच्या घरातही सून बाहेरचीच होती. बाहेरची सून आणणं हा गुन्हा नाही, पत्रिका बघायला हवी एवढंच. (पत्रिकेवर माझा विश्वास नाही हे घरच्यांना माहीत आहे. इथे मोजमाप म्हणतोय.)

तर या इंजिनाची एक खोड आहे. रोटरच्या तीन टोकांना ज्या पट्ट्या असतात त्या नीट चिकटून दाब धरायला इंजिन पुरेशा वेगाने फिरावं लागतं. स्टार्टरने ते मरतुकड्यासारखं फिरवलं तर दाब बनत नाही, पेट्रोल आत साचतं, तेलाचा थर धुऊन जातो आणि मग तर अजिबातच सुरू होत नाही. शर्यतीसाठी तोंडं रुंद केलेली इंजिनं त्याहून हट्टी. म्हणून आपण ज्याला 'सेल्फ' म्हणतो त्या स्टार्टरला तिथे फार मान. दुसरी खोड फ्लायव्हीलची. रोटर मध्यापासून बाजूला फिरतो, त्याचा तोल सांभाळायला पुढे एक आणि मागे एक वजन लागतं. साध्या गिअरवाल्या माझदात मागचं वजन फ्लायव्हीलमध्येच ओतलेलं असतं. शर्यतीवाले ते जड फ्लायव्हील काढून ॲल्युमिनियमचं हलकं बसवतात, म्हणजे इंजिन चटकन चढतं, चटकन उतरतं, गिअर पटापट पडतात. पण मग तोलाचं वजन गेलं. ते वेगळं आणावं लागतं, ऑटोमॅटिक गाडीतलं, आणि तेही त्या त्या सालच्या रोटरला जुळणारं, कारण पुढच्या वर्षांत रोटर हलके होत गेले. सगळं जमलं की त्या फ्लायव्हीलवरची दात्यांची रिंग, तिला भिडणारा स्टार्टर आणि मागचा गिअरबॉक्स, या तिघांचं एकमेकांशी जमायला हवं. लेकाच्या गाडीत इंजिन एका सालचं, फ्लायव्हील बाजारातलं, गिअरबॉक्स तिसऱ्याच पिढीचा, आणि स्टार्टर कुणाच्या तरी गॅरेजच्या कपाटातला. मी ही यादी ऐकली आणि हसलो. ही तर मामाची वही!

आता मामाकडे येऊ.

माझ्या आईचा धाकटा भाऊ. उल्हासनगर कॅम्प पाचला, अंबरनाथकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे दोन पत्रे, एक साखळीची घोडी, एक खड्डा. शेजारी स्पेअर पार्टचं दुकान, त्याचे सिंधी सेठ आणि मामा रोज चारला एकाच कटिंगमधला अर्धा-अर्धा चहा प्यायचे. उल्हासनगरच्या मालावर लोक हसायचे, 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन वगैरे. मामाला तो विनोद आवडायचा नाही. म्हणायचा, नकल वाईट नसते रे, न मोजता केलेली नकल वाईट.

त्या काळात मामाची खासियत म्हणजे पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणं. पेट्रोल परवडेना, डिझेल खूपच स्वस्त, त्यामुळे प्रवासी जीपवाले रांगेत उभे असायचे. बाहेरून वाटतं, इंजिन काढलं, दुसरं ठेवलं, चार बोल्ट आवळले. तसं नसतं. जीपच्या गिअरबॉक्सचं तोंड वेगळं, इंजिनाची पाठ वेगळी. मधे जाड पोलादी प्लेट कापून घ्यावी लागते. ती प्लेट मामा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका निवृत्त टर्नरकडे बनवायचा. ते काका डायल गेज लावल्याशिवाय प्लेट हातातच द्यायचे नाहीत, कारण गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या बरोबर मध्यावर बसला नाही तर पायलट बेअरिंग महिन्यात जातं आणि क्लच कायमचा थरथरतो. क्लच प्लेटचा घेर इंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे, पण तिच्या मधल्या हबच्या खाचा गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे. मग एका प्लेटचं हब काढून दुसऱ्या प्लेटला रिवेट मारायचे. आणि शेवटी सेल्फ.

मामाची एक वही होती, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक जीपला एक पान. इंजिन कुठलं, फ्लायव्हील कुठलं, रिंगचे दात किती, सेल्फ कुठला, त्याच्या बेंडिक्सचे दात किती, प्लेटची जाडी, गिअरबॉक्स. मी डिप्लोमा करून नोकरी मिळेपर्यंत वर्षभर मामाकडे जात होतो, तेव्हा ती वही मला फार गावठी वाटायची. माझ्याकडे पुस्तकं होती ना!

१९९४च्या मे महिन्यात बदलापूरचे एक जीपवाले आले. बदलापूर स्टेशन ते बारवी धरणाकडची गावं अशी त्यांची फेरी. बदलापूर नाव घोडे बदलायचे म्हणून पडलं अशी आमच्याकडे गोष्ट सांगतात, त्यामुळे मामा त्यांना बघताच म्हणाला, "या, घोडा बदलायला आलात?" त्यांना ते इतकं आवडलं की आगाऊ पैसे मोजून गेले.

इंजिन मिळालं ते ट्रॅक्टरच्या कुळातलं, इंची मापाचं, फ्लायव्हीलसकट. सेल्फ मात्र नव्हता. त्या इंजिनाचा मूळ सेल्फ नवा घ्यायचा तर पैसे बरेच, शिवाय तो जीपच्या चॅसीला घासला असता. मामा तीन दिवसांसाठी गावाला गेला होता. जाताना म्हणाला, कुर्ल्याला भंगारवाल्यांकडे बघून ये, पण सेल्फ आणि रिंग जोडीने आण. एकाच घरची. रिंग आपण गरम करून चढवू.

मी कुर्ल्याला गेलो. छान सेल्फ मिळाला, आकाराने लहान, ताकदीचा. त्याची रिंग नव्हती. भंगारवाला म्हणाला, दुसरीकडे बघा. ऊन रणरणत होतं. मी बेंडिक्सचे दात मोजले, नऊ. आमच्या रिंगला चालणाऱ्या बेंडिक्सचेही नऊच. दात्याचा आकार डोळ्यांना अगदी तोच. परत येऊन हाताने रिंगवर फिरवून पाहिला, फिरतोय की! रिंग उतरवायची, तापवायची, चढवायची, कशाला एवढा खटाटोप? मामा परत आला तेव्हा सेल्फ बसवून झाला होता. त्याने विचारलं, "जोडी मिळाली?" मी म्हणालो, "हो."

एवढंच. 'हो.' त्या एका शब्दासाठी हे सगळं लिहितोय.

रिंग इंची मापाची होती. सेल्फ मिलिमीटरवाला. इंची मापात दात्यांची एक जात असते, तिचं माप मेट्रिकमध्ये मांडलं तर २.५४ येतं. तिची मेट्रिक चुलत बहीण २.५० ची. चार शतांशांचा फरक. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण एका दात्यामागे एक-दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो, आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारला की दाते एकमेकांना समजून न घेता भिडतात. गाडी सुरू होते. महिनोन्महिने होते. फक्त दर वेळी थोडं लोखंड झडतं. त्यात चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागांनाच थांबतं, त्यामुळे रिंग सगळीकडून सारखी झिजत नाही, त्या दोन जागीच बोडकी होते. हे मला नंतर समजलं. पुस्तकात होतं, पण मी ते पान परीक्षेपुरतं वाचलं होतं.

जीप धावली. जीपवाले खूश. पावसाळ्यानंतर 'खर्रर्र' सुरू झालं. ते एकदा गॅरेजला दाखवायला आले, मी तिथेच होतो. मामाने आवाज ऐकला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाला, दोन दिवस गाडी ठेवा. हंगाम लग्नांचा होता, ते म्हणाले नंतर आणतो. मग ते जीप उतारावर लावायला लागले. सकाळी ब्रेक सोडायचा, गिअरात टाकून क्लच सोडायचा, चालू. तुम्हाला माहीतच असेल, असं उतारावर जगणारी गाडी आपल्याकडे प्रत्येक गल्लीत एक असते.

डिसेंबरात एका रात्री त्यांच्या आईला झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं. त्या रात्री नेमकी जीप सपाटीवर होती, उतारावर कुणाच्या तरी मांडवाचे बांबू टाकले होते. सेल्फ नुसताच फिरला. थंडीत डिझेल इंजिन, सहा जणांनी ढकलून धरेना. शेवटी दुधाचा टेम्पो येईपर्यंत दीड तास गेला. म्हातारी वाचली. पण तिचा उजवा हात पुढे कधी नीट उचलला गेला नाही. उशिरामुळेच असं झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. जीपवालेही म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न कधी मिटलाही नाही.

ते गॅरेजला आले, मामाला खूप बोलले. मामाने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे. सेल्फ मी नीट बघितला नाही." नवी रिंग, नवा सेल्फ, सगळं स्वतःच्या खर्चाने बसवून दिलं. मी पाच फुटांवर पाना पुसत उभा होतो. पाना आधीच स्वच्छ होता.

पुढच्या महिन्यात मला नोकरी लागली. मामा पेढे घेऊन आला. त्या दिवशीही तो काही बोलला नाही, मीही नाही.

आपल्या घरात ही गोष्ट वेगळ्या रूपात सांगितली जाते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'मामाची ती जीप.' कुणाचं काही बिघडलं, कुणी काही चुकीचं बसवलं की लग्नकार्यात हमखास कुणीतरी म्हणतं, अरे मामाच्या जीपसारखं झालं. मामा स्वतःसुद्धा हसायचा. मीही हसलोय. २०११ साली तो गेला, बाराव्याला जेवताना कुणीतरी तीच गोष्ट काढली आणि मी तेव्हाही ताटात बघत राहिलो. तेव्हा ताई, दादा, आत्याकडचे सगळे, नीट वाचा: ती जीप मामाची नव्हती. माझी होती.

परत रविवारकडे. मी लेकाला म्हटलं, आधी गिअरबॉक्सवाल्याला दोष देऊ नका, स्टार्टर काढा. बेंडिक्सच्या दात्यांना पांढरा खडू लावा, परत बसवा, एकदाच मारा, काढा. खडू कुठे पुसला ते बघ. दाते मोजू नकोस, मोजलेले दाते फसवतात. सहा दात्यांची लांबी एकदम व्हर्नियरने घे, रिंगची आणि बेंडिक्सचीही, आणि कुठल्या जातीचे आहेत ते ताडून बघ.

दोन तासांनी फोटो आला. जात एकच होती, ते बरं झालं. पण खडू दात्याच्या फक्त एका कडेला, जेमतेम तिसऱ्या हिश्शात पुसला होता. म्हणजे बेंडिक्स रिंगला पूर्ण मिठी मारतच नव्हता, कडेवर लोंबकळत होता. मी विचारलं, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे प्लेट आहे का? आहे. गिअरबॉक्स दुसऱ्या पिढीचा, म्हणून मधे प्लेट घातलेली. स्टार्टर कशावर बसतो? बेल हाउसिंगवर. झालं तर! प्लेट जेवढी जाड, तेवढा स्टार्टर रिंगपासून सरकला. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी बरोबर होती, कॅटलॉगात सगळ्यांसमोर 'बसते' असं लिहिलेलं होतं. इंजिनाला प्लेट बसते. प्लेटला गिअरबॉक्स बसतो. गिअरबॉक्सला स्टार्टर बसतो. पण तिघांना एकत्र बसवून कुणी पाहिलं नव्हतं. मामाच्या वहीत प्लेटच्या जाडीचा रकाना का होता ते मला इतक्या वर्षांनी ऑकलंडहून कळलं.

स्टार्टरची बैठक तेवढीच मशीनवर उतरवून घ्यायचं ठरलं. आणि त्या बोडक्या कडेची रिंगही बदलायला सांगितली, कारण कड गेलेली रिंग नव्या बेंडिक्सलाही खाते.

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, प्लेट कुणी निवडली होती? मला वाटलं, तो त्यांच्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिकचं नाव घेईल. फीतीतली शिवी त्यालाच होती असं आधी सांगितलं होतं त्याने. तर म्हणाला, "मीच. कॅटलॉगवरून मागवली. सकाळीच सांगून टाकलं सगळ्यांना. ते चिडले थोडे, मग पिझ्झा मागवला." आणि हसला. इतकं सोपं!

मी फोन हिच्याकडे दिला आणि माळ्यावर चढलो. मामीने ती वही मला दिली होती, मामा गेल्यावर, 'तुला कळेल यातलं' म्हणून. इतकी वर्षं मी ती उघडली नव्हती. १९९४च्या मे महिन्याचं पान सापडलं. सगळे रकाने मामाच्या तिरक्या अक्षरात. सेल्फच्या रकान्यात आधी 'जोडीचा' असं लिहिलेलं, मग ते एका रेघेने खोडलेलं, आणि पुढे वेगळ्या पेनाने: 'जोडी नाही. बदलणे. गाडी बोलावणे.' त्याखाली तारीख, जून महिन्याची. म्हणजे आवाज यायच्या कितीतरी आधीच त्याने मोजून पाहिलं होतं. त्याला ठाऊक होतं. त्याने गाडी किती वेळा बोलावली, ते का आले नाहीत, आणि मला त्याने का विचारलं नाही, यातलं काही वहीत नाही.

मामी कॉम्प्युटर बघत नाहीत. येत्या रविवारी कॅम्प पाचला जाऊन त्यांना हे वाचून दाखवणार आहे. वही बरोबर नेतोय. ताई, तू येणार असशील तर सकाळची अकरा पाचची बदलापूर लोकल धरू नकोस, अंबरनाथलाच उतर, मी घ्यायला येतो.